समुद्रकाकडी किती आहेत, किती काढाव्यात

मंडळी, समुद्रकाकडी हा मऊ अंगाचा सागरी प्राणी. ती पळत नाही, उथळ तळावर पडून असते, म्हणून ती मोजणं सोपं वाटतं. पण सॅंडफिश ही जात दिवसातले काही तास वाळूत पुरून घेते. सकाळी मोजलेल्या जागी दुपारी उतरलात तर आकडा बदललेला असतो. म्हणून सगळीकडे मोजणीची वेळ आणि भरती-ओहोटीची अवस्था एकच ठेवा. काही चौकटींत हातानं वाळू चाळून पुरलेल्याही मोजा.

100 मीटर दोरी टाका, दोन्ही बाजूंचा एकेक मीटर पाहा. झाला 200 चौरस मीटरचा पट्टा. समुद्रगवत, वाळू, प्रवाळाचा सपाट माथा, बाहेरचा उतार यांचे पट्टे वेगळे धरा आणि त्यांच्या जागा नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. पाणबुड्याला 'चांगली' जागा निवडू दिली की आकडा फुगतो.

वजन करताना फार जपा. हातात घेताच ती आखडते, पाणी सोडते. पोटात वाळूही असते. लांबी-रुंदी पाण्यातच, न हलवता घ्या. वजन घ्यायचंच तर प्रत्येक वेळी तेवढाच वेळ निथळून घ्या.

आता हिशेब. समजा 60 पट्ट्यांत, म्हणजे 1.2 हेक्टरमध्ये, 30 सॅंडफिश दिसल्या. हेक्टरी 25. पण 60 पैकी बहुतेक पट्टे रिकामे आणि थोड्यांत घोळके, असंच चित्र असतं; सरासरीवर विसंबू नका. पट्ट्यांचे आकडे संगणकावर हजारदा पुन्हा निवडून विश्वासमर्यादा काढा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या दोन टोकांमध्ये असेल ती टोकं. खालची मर्यादा हेक्टरी 15 आली, अधिवास 800 हेक्टर, प्राण्याचं वजन अर्धा किलो, तर साठा 12,000 प्राणी, म्हणजे 6 टन. नैसर्गिक मृत्युदर वर्षाला 0.3 धरला आणि त्याचा पाचवा हिस्साच काढायचा ठरवला, तर 6 × 0.3 × 0.2 = 0.36 टन. 360 किलो ओला माल; वाळवल्यावर पाच टक्के, जेमतेम 18 किलो. नोंदवहीत ओलं की सुकं हे लिहिलं नाही, तर हाच कोटा वीसपट होऊन बसतो. मृत्युदर हा तर सर्वांत कच्चा आकडा: माशाच्या कानातल्या खड्यासारखी वय सांगणारी खूण इथे नाही, आणि लावलेले टॅग अंगातून गळून पडतात.

तरीही माझ्या मते या उदाहरणात एकही प्राणी काढू नये. नर-मादी अंडी आणि शुक्राणू पाण्यातच सोडतात. अंतर वाढलं की फलनच होत नाही. हेक्टरी 10 ते 50 प्राण्यांच्या खाली वंशवाढ धोक्यात येते असं मानतात, आणि आपली खालची मर्यादा 15 आहे. म्हणून टक्केवारीच्या आधी घनता पाहा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेवर काळी टीटफिश या समुद्रकाकडीच्याच दुसऱ्या जातीची मासेमारी 1999 मध्ये थांबवली. दोन वर्षांनी मोजलं तेव्हाही साठा सावरलेला दिसला नाही.

तासाला किती सापडल्या यावर तर मुळीच जाऊ नका. पाणबुडे एक घोळका संपला की दुसऱ्यावर जातात, महाग जात संपली की स्वस्त धरतात. शेवटचा घोळका उचलेपर्यंत तो आकडा तसाच राहतो. नोंद जातवार आणि जागेवार ठेवा.