घासू नका! : अठराव्या शतकातल्या फ्रेंच बंदुका आणि त्यांचे संग्राहक

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी तीन बंदुका. कॅमेरा तोंडाकडून दस्त्याकडे सरकतो.)

लांबून तिन्ही सारख्याच दिसतात. अक्रोडाचं लाकूड, लोखंडी नळी, दीड मीटरच्या आसपास लांबी, वजन साडेचार किलोच्या आगेमागे. आता नळीवर लक्ष ठेवा. नळी आणि लाकूड एकत्र आवळून धरणारी ही लोखंडी कडी. एक, दोन, तीन. फ्रेंच बंदूक ओळखायची पहिली खूण ही. त्या काळातल्या इंग्रज शिपायाच्या 'ब्राउन बेस'ला अशी कडी नसतात. तिची नळी लाकडातून आडव्या ठोकलेल्या पिनांनी धरलेली असते. नळी साफ करायची तर एकेक पिन ठोकून बाहेर काढा, आणि पुन्हा बसवताना लाकूड चिरणार नाही याची काळजी घ्या. फ्रेंचांनी १७२८ च्या नमुन्यात हा व्याप संपवून टाकला. कडं सरकवलं की नळी मोकळी.

त्याआधी ११ वर्षं, १७१७ साली, फ्रान्सच्या राजाने पायदळासाठी बंदुकीचा एकच नमुना ठरवून दिला. तोवर प्रत्येक पलटणीची तऱ्हा वेगळी होती. नमुना ठरला आणि सुधारणांचा सिलसिला सुरू झाला : १७२८, १७४६, १७५४, सात वर्षांचं युद्ध हरल्यावर १७६३, ती फार जड झाली म्हणून १७६६, आणि मग १७७७. नळीचं तोंड मात्र सगळीकडे साधारण तेवढंच, साडेसतरा मिलिमीटर व्यासाचं.

(दृश्य: शार्लव्हिल, प्लास ड्यूकाल. सकाळचा बाजार.)

हे शार्लव्हिल. फ्रान्सच्या ईशान्येला, बेल्जियमच्या सीमेजवळ, म्यूज नदीच्या वळणावर. साहित्यवाल्यांना हे गाव कवी रँबोचं जन्मगाव म्हणून माहीत असतं, बंदूकवाल्यांना शाही शस्त्रकारखान्याचं. अमेरिकेत तर कुठलीही जुनी फ्रेंच बंदूक दिसली की लोक तिला सरसकट 'शार्लव्हिल' म्हणतात. यावर संग्राहकांचं डोकं उठतं, आणि ते रास्तच आहे. कारण सेंट एतियेन आणि मोबूज या गावांतही सरकारी कारखाने होते. लॉकच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर सेंट एतियेनचं नाव स्पष्ट कोरलेलं असताना विक्रेता तिला शार्लव्हिल म्हणून खपवत असेल, तर त्याने पट्टी वाचलेलीच नाही.

(दृश्य: लोहाराची भट्टी. लाल झालेली पट्टी. घणाचा आवाज चालू ठेवावा.)

नळी अशी घडायची. हे प्रात्यक्षिक लहान तुकड्यावरचं आहे, पण कृती तीच. लोखंडाची जाड पट्टी तापवायची आणि गजाभोवती वळवायची. दोन्ही कडा एकमेकींवर चढल्या की घण घालून सांधायच्या. सगळी नळी एका झटक्यात नाही. थोडा भाग सांधायचा, पुन्हा भट्टीत घालायची, पुन्हा थोडा भाग. सव्वा मीटरला थोड्याच कमी अशा नळीसाठी हे किती वेळा होत असेल, याचा अंदाज लोहाराच्या दंडाकडे बघून येतो. सांधा कुठे कच्चा राहिला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, बार उडताना दिसतो. म्हणून नळी तयार झाली की नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून तिची परीक्षा घेत. फुटली ती गेली. टिकली तिच्यावर शिक्का.

सांधल्यानंतर आतून पोखरणी. एकामागून एक, आधीच्यापेक्षा किंचित जाड अवजारं आत फिरवायची. बाहेरून घासणी पाणचक्कीच्या जोरावर फिरणाऱ्या मोठ्या दगडी चाकांवर. हे सगळे कारखाने नदी-ओढ्यांच्या काठी का, त्याचं उत्तर इथे आहे.

(दृश्य: मन गाव. मधाच्या रंगाचे दगड, चौकोनी टवके. निवेदन थोडं थांबवावं.)

आणि ही ठिणगी येते इथून. मध्य फ्रान्समधलं मन हे गाव, बेरी भागाच्या कडेला. इथला चकमकीचा दगड मधासारखा पिवळसर असतो. कारागीर एका हातात गोटा धरायचा, हातोडीने त्याची लांब पाती सोडवायचा आणि पात्यांचे नेमक्या मापाचे तुकडे पाडायचा. हा तुकडा शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात आवळतात. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, दगड पोलादी पट्टीवर घासतो, पट्टी पुढे उघडते आणि ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवायच्या दारूवर, पडतात. रंजक पेटलं की ज्वाला नळीच्या छिद्रातून आत जाते. दगडाची धूळ छातीत जाऊन हे कारागीर तरुणपणीच दगावत.

(दृश्य: लॉक सोडवणारे हात. चेहरा दाखवू नये.)

ज्यांचे हात दिसताहेत, त्यांनी नाव आणि गाव सांगू नका म्हणून बजावलं आहे. संग्रह घरात आहे, घरफोडीची भीती आहे. स्क्रू सोडवताना ते पेचकस किती सावकाश फिरवतात, बघा. खाचेत घट्ट बसेल असंच पातं घेतलेलं आहे. पातं निसटलं की स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा उठतो, आणि बारकाईने बघणाऱ्याला तो कायम खुपतो.

पट्टीच्या आतल्या बाजूला कानशीचे ओरखडे आहेत, आणि छोट्या छोट्या खुणा. एकीकडे एक खाच, दुसऱ्या भागावर तशीच खाच. हे भाग एकमेकांसाठी घासलेले आहेत. या बंदुकीचा स्क्रू शेजारच्या बंदुकीत बसेलच याची खात्री नाही. ऑनोरे ब्लां या कारागिराने ही अडचण सोडवायचा ध्यास घेतला. १७८५ साली अमेरिकेचे फ्रान्समधले प्रतिनिधी थॉमस जेफरसन त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने पन्नास लॉकचे सुटे भाग खणाखणांत मांडून ठेवले होते. जेफरसननी हाताला येतील ते भाग उचलले, जोडले, आणि ते चपखल बसले. मायदेशी पाठवलेल्या पत्रात त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. पण ते पुढचं. टेबलावरची बंदूक त्या आधीच्या जगातली आहे, म्हणूनच तिच्यातला प्रत्येक बदललेला भाग पकडता येतो.

(दृश्य: नळीच्या मागच्या टोकाचा क्लोजअप. छिद्राभोवतीचा वेगळा रंग.)

आता हे नीट बघा. छिद्राभोवती धातूचा रंग किंचित वेगळा, एक अस्पष्ट वर्तुळ. एकोणिसाव्या शतकात टोपीवर, म्हणजे घोड्याच्या टोल्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर, चालणाऱ्या बंदुका आल्या, तेव्हा चकमकीच्या लाखो बंदुका बदलून घेतल्या गेल्या. रंजकाची वाटी आणि पोलादी पट्टी काढली, स्क्रूची भोकं बुजवली, नळीवर टोपीसाठी नवा उंचवटा जोडला. नंतर बाजारात चकमकीच्या बंदुकांना भाव आला आणि कुणीतरी हीच बंदूक उलटी चकमकीवर नेली. घोडा दुसरीकडचा, वाटी नवीन. दिसायला झकास. किंमत मात्र मूळच्यापेक्षा बरीच कमी असायला हवी, आणि लिलावाच्या यादीत हे क्वचितच लिहिलेलं असतं.

१७७७ च्या नमुन्यात ही वाटी पितळेची होती, कारण रंजकाची राख लोखंड खाते. दस्त्याच्या डाव्या बाजूला गाल टेकायला खोबण कोरलेली. हात फिरवला की कळते. वाटी लोखंडाची आणि खोबण आहे, असा मेळ दिसला की प्रश्न विचारा.

दुसरा सापळा अमेरिकेचा. १७७७ च्या वसंतात, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, 'मर्क्यूर' आणि 'अँफिट्रिट' ही जहाजं फ्रेंच बंदुका घेऊन न्यू हॅम्पशरच्या पोर्टस्मथ बंदरात लागली. माल धाडणारी कंपनी नावापुरती. तिच्यामागे होते नाटककार बोमार्शे, आणि त्यांच्यामागे फ्रेंच सरकार. अमेरिकी फौजेने या बंदुकांवर 'यू एस' अशी अक्षरं ठोकली. आज ती अक्षरं असली की किंमत उडी मारते, म्हणून ती अक्षरं नव्याने ठोकणारेही आहेत. ताज्या ठशाच्या कडा तीक्ष्ण असतात, आणि भोवतीच्या जुन्या गंजाशी त्यांचं जुळत नाही.

युरोपातल्या फोंतन्वाच्या लढाईपासून अमेरिकेतल्या यॉर्कटाउनच्या लढाईपर्यंत या बंदुकांनी हजारो माणसं मारली, हेही खरं.

(दृश्य: अर्धी चकाकणारी, अर्धी तपकिरी नळी.)

हे पाहून संग्राहकांच्या पोटात कालवतं. कुणीतरी मशीनवर घासायला घेतली आणि मधेच सोडली. डाव्या बाजूला शिक्का दिसतो आहे. उजव्या बाजूलाही काही ठसे होते, आता सपाट लोखंड. घासणारा म्हणेल, शिपाईसुद्धा लख्ख ठेवायचेच की. हो, ठेवायचे, तपासणीत डाग दिसला तर शिक्षा व्हायची. पण शिपाई ती वापरत होता. आज ती वाचायची आहे, आणि घासल्यावर वाचण्यासारखं काही उरत नाही. मऊ फडकं, थोडं तेल, लाकडाला मेणाचा पातळ हात. बस्स.

(दृश्य: शांबेरी. हत्तींचं कारंजं.)

आल्प्सच्या पायथ्याशी, शांबेरी गावच्या भर चौकात चार हत्ती. फक्त पुढचा अर्धा भाग. हे स्मारक आहे बनुआ द बुआन्य यांचं. आपल्या बखरकारांच्या आणि इतिहासकारांच्या लेखी डीबॉइन. फ्रेंच सैन्यातल्या आयरिश पलटणीतून सुरुवात केलेल्या या साव्हॉयच्या माणसाने महादजी शिंद्यांसाठी कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्या बंदुका आग्र्यात बनत, सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली. एक बंदूक दहा रुपयांना पडायची, अशी नोंद मिळते. युरोपातून आणलेली त्याहून कितीतरी महाग.

(दृश्य: टेबल. गज नळीत उतरतो.)

फ्रान्समध्ये १९०० पूर्वीच्या अशा बंदुका सज्ञान माणसाला परवान्याशिवाय घेता येतात. भारतातला कायदा वेगळा आहे, तेव्हा हे पाहून ऑनलाइन मागवायला जाऊ नका. पण कुणाच्या वाड्यात, माळ्यावर एखादी चकमकीची बंदूक असेल, तर लिंबू-राख लावायच्या आधी लॉकच्या पट्टीचे आणि नळीच्या मागच्या टोकाचे फोटो काढा. आणि त्याही आधी हे करा. तोंडाच्या समोर न उभं राहता, लाकडी काठी अलगद नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग बाहेरून नळीला लावून मोजा. काठीचं टोक मागच्या छिद्रापर्यंत पोचलं तर नळी मोकळी. चार-सहा बोटं अलीकडेच थांबलं, तर आत बार भरलेला असू शकतो, दोनशे वर्षांपूर्वीचा. तसं असेल तर ठोकू नका, तापवू नका. बंदूक आहे तिथेच ठेवा आणि पोलिसांना कळवा.