सात अदार आपल्या मंडळात

मंडळी, शालोम आणि नमस्कार. आपण भारतातून इस्राएलला आलेले बेने इस्राएल ज्यू. आपल्या दिवंगत गुरूंच्या स्मरणासाठी मंडळाने वर्षातला एक दिवस ठरवावा, हिब्रू अदार महिन्याची सात तारीख, असं मला सुचवायचं आहे.

घरच्या माणसाची पुण्यतिथी आली की आपण चोवीस तासांची मेणबत्ती लावतो, दहा जण जमवून कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणतो. पण ज्यांनी सगळ्या जमातीला शिकवलं, त्यांची मेणबत्ती कोणी लावायची? जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यांना ते पुस्तक पाहायला मिळालं नाही.

जुन्या रूढीप्रमाणे गुरूसाठी नुसती मेणबत्ती पुरत नाही, अभ्यास लागतो. अभ्यासानंतर म्हणायचा कद्दिश दरब्बानान वेगळाच आहे: त्यात गुरूंसाठी, त्यांच्या शिष्यांसाठी आणि शिष्यांच्याही शिष्यांसाठी मागणं आहे. तालमूद हा आपला धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो, दिवंगत विद्वानाचं वचन कोणी त्याच्या नावानिशी उच्चारलं की कबरीत त्याचे ओठ हलतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण त्यासाठी कबर जवळ असावी लागत नाही. आपल्या बहुतेक गुरूंच्या कबरी मुंबईत आणि कोकणात राहिल्या.

मोरोक्कोतून आलेल्यांच्याही कबरी मागे राहिल्या, पण त्यांनी हिलुला, म्हणजे संतांच्या पुण्यतिथीचा उत्सव, सोडला नाही. इथे नेतिवोतला त्यांचे संत बाबा साली यांच्या समाधीवर हिब्रू शेवात महिन्याच्या चार तारखेला आजही गर्दी लोटते. आपणही अलिबागजवळच्या खंडाळ्याचा मलिदा, म्हणजे पोहे-फळांचं अर्पण, हैफाला, प्रेषित एलियाहूच्या गुहेत नेलाच की! (एलियाहू हन्नबी, म्हणजे हे प्रेषितच, रथातून स्वर्गात गेले, तो मलिदा नवसाचा आणि आभाराचा. पुण्यतिथीत तो मिसळू नये, असं माझं मत.)

म्हणून मी सात अदार सुचवतो. ही मोशे रब्बेनूंची, म्हणजे आपले गुरू मोझेस यांची पुण्यतिथी, आणि त्यांची कबर कोणालाच ठाऊक नाही असं आपला धर्मग्रंथ तोरा सांगतो. ज्या सैनिकांची कबर माहीत नाही, त्यांचं स्मरणही इस्राएलमध्ये याच दिवशी होतं. ज्या गुरूंच्या तारखा आपल्या हाती नाहीत, त्यांनाही हा दिवस शोभेल.

कद्दिशसाठी दहा जण मात्र सभागृहात प्रत्यक्ष हवेत. दिमोना, अश्दोदची मंडळी झूमवर ऐकतील. गुरूंच्या लेखनातलं एक पान मराठीत मोठ्याने वाचायचं, मग अर्थ हिब्रूत, कारण नातवंडांना देवनागरी येत नाही. वेळ कमी पडला तरी मराठी वाचन गाळायचं नाही. पहिल्या वर्षी राजपूरकरांच्या प्रार्थना घेऊ. ज्यांच्या घरी आजोबांच्या जुन्या प्रती असतील, त्यांनी कार्यकारिणीला कळवा. प्रत घरीच राहू द्या, पानांचे फोटो पाठवलेत तरी चालतील.