आजोबा नदीच्या कुठल्या काठावर जन्मले?

(दृश्य : सिंधुदुर्गातलं आरोंदा. तेरेखोल नदीवरचा पूल, ओहोटीची वेळ.)

पूल ओलांडला की पेडणे तालुका, म्हणजे गोवा. ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले, त्याला पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी असते. तेच आजोबा आरोंद्यात जन्मलेले असतील, तर नाही. तेरेखोलचा किल्ला तेवढा अलीकडच्या काठावर असूनही गोव्याचा!

(दृश्य : टेबलावर जन्मनोंदीचा जुना उतारा. बोट एका नावावर थांबतं.)

घोळ होतो तो नावात. पोर्तुगीज नोंदीत परबांचं 'पोरोबो' झालेलं, नातवाच्या आधार कार्डावर 'परब'. लिस्बनच्या कचेरीत ही दोन वेगळी घराणी ठरू शकतात. आधी कागद जुळवायचे, मग अर्ज.

पण फुटबॉल खेळणाऱ्या पोरानं त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं. मागे उरतं ते ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड. त्यावर इथे राहता येतं, नोकरी करता येते, भारताची जर्सी मात्र घालता येत नाही. आयएसएलमध्येही (इंडियन सुपर लीग, आपली फुटबॉल लीग) असा खेळाडू परदेशी खेळाडूंच्या कोट्यात मोजला जातो.

(दृश्य : मैदान. फ्री किकसाठी ठेवलेला चेंडू, समोर चौघांची भिंत.)

दोन देश एकाच माणसात सुखानं नांदलेले बघायचे तर फुटबॉलपटू डेको बघावा. जन्म ब्राझीलचा, १९९७ साली पोर्तुगालला आला, पोर्तो क्लबच्या मधल्या फळीत नाव काढलं. ब्राझीलच्या मुख्य संघाकडून तो कधी खेळला नव्हता, म्हणून मार्च २००३ मध्ये पोर्तुगालकडून उतरू शकला. समोर नेमका ब्राझील. बदली म्हणून आला, फ्री किकवर गोल केला, पोर्तुगाल २-१ जिंकला. पोर्तुगालच्याच लुइस फिगोला ही निवड पटली नव्हती, तसं तो उघड बोललाही. डेको पुढे पोर्तुगालकडून ७५ सामने खेळला.

आपल्याकडे अराता इझुमी. वडील गुजराती, आई जपानी, जागा मधल्या फळीतलीच. ईस्ट बंगाल, मुंबईचा महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. इतकं खेळूनही भारतासाठी त्याला जपानी नागरिकत्व सोडावं लागलं. २०१३ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला, तेव्हा तिशी उलटली होती.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर.)

परत भारतीय नागरिक व्हायचं तर त्या उलट्या वाटेचं गणित असं. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ओसीआय म्हणून पाच वर्षं भरावी लागतात, शिवाय अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य. सरकार त्यात फार तर तीस दिवसांची सूट देतं, तीही खास कारण असेल तर. हंगाम संपल्यावर दीड महिना घरच्यांकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला राहून आलं की महिने पहिल्यापासून मोजायचे. अठराव्या वर्षी कार्ड घेतलेला मुलगा अर्ज करेपर्यंत तेवीस पूर्ण.

त्यात आधी दुसऱ्या देशाच्या मुख्य संघाकडून अधिकृत स्पर्धेत खेळला असेल, तर फिफाचा २०२० चा नियम आड येतो : मैत्रीपूर्ण धरून मुख्य संघाचे सामने तीनपेक्षा जास्त नकोत, तेही एकविशीच्या आतले, आणि शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षं गेलेली हवीत. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एक मिनिट जरी खेळला असेल, तर फाईल तिथेच मिटते.