तोंडाने घ्यायचं सलाईन

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरची मंडळी आणि एवढ्या पावसात आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'संघर्षामुळे विस्थापित झालेल्यांना तातडीची वैद्यकीय मदत'. छावणीतल्या पहिल्या दहा दिवसांत डॉक्टरने काय करावं, ते मी सांगणार आहे. पण 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, परवाच झाला. गावोगाव झेंडावंदन झालं, हुतात्म्यांची नावं वाचली गेली. त्या यादीत कधीच न येणाऱ्या एका जिवापासून सुरुवात करतो.

माझ्या आजीचं सासर परंड्याकडचं. 1948 चा उन्हाळा संपत आला होता. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या टोळ्या गावं लुटत होत्या, जाळत होत्या. इथल्या कितीतरी घरांत ही गोष्ट सांगितली गेली असेल. अंधार पडला की गाडी जुंपायची, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवायच्या आणि हद्द ओलांडून बार्शी गाठायची. बार्शी म्हणजे मुंबई इलाखा, निजामाच्या राज्याबाहेर. आजीच्या मांडीवर आठ महिन्यांची मुलगी होती, माझी आत्या. दिवसा ओढ्यात लपून बसले, तिथलंच पाणी सगळे प्यायले. संध्याकाळी लेकराला हागवण लागली. थोरल्या जावेनं सांगितलं, "पानी पाजू नगस, आनखी हागंल." अंगावरचं दूधही बंद केलं. दुसऱ्या रात्री टाळू खोल गेली, डोळे आत ओढले, रडताना डोळ्यांत टिपूस येईना. पोटाला चिमटा काढला तर कातडीची वळी तशीच राहायची. आजीने मला हे स्वतःच्या हातावर करून दाखवलं होतं. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात निर्जलीकरणाची लक्षणं शिकलो, तेव्हा कळलं की आजीने एकही लक्षण सोडलं नव्हतं. बार्शीची शीव दिसली तेव्हा लेकरू गेलेलं होतं.

डॉक्टर झाल्यावर मी आजीला जलसंजीवनीचं पाकीट दाखवलं. "ह्यात काय असतंय?" तिने विचारलं. म्हटलं, साखर, मीठ आणि एकदोन क्षार. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गाडीत गुळाची ढेप व्हती. मिठाचं गाडगं व्हतं." त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

सप्टेंबरात भारतीय सैन्याची पोलीस ॲक्शन झाली, निजामाची राजवट गेली, आणि मग याच जिल्ह्यांतल्या मुसलमान कुटुंबांवर घरदार सोडून पळायची पाळी आली. त्यांच्याही गाड्यांत तान्ही लेकरं होती. कोणाची गाडी कोणत्या दिशेने चालली होती, हे डॉक्टरने विचारायचं नसतं.

आत्याला गोळी लागली नव्हती, तलवार लागली नव्हती. माझं सगळं म्हणणं इथून निघतं. लढाईपासून पळालेली माणसं छावणीत मरतात ती बहुतेक जुलाबांनी, गोवराने, न्यूमोनियाने आणि उपासमारीने. 1994 मध्ये रवांडातून पळून शेजारच्या काँगोतल्या गोमाला आलेल्यांपैकी पहिल्या एका महिन्यात 50 हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, आणि हगवणीने.

आता पश्चिम बंगालमधल्या बनगावला चला. 1971. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या घरात माणसं आपल्याकडे आली आणि छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्या पटकीच्या रोग्यांनी भरलेल्या होत्या. माणसं जमिनीवर पडलेली, आणि सलाईन लावायचं तर त्या घाणीतच गुडघे टेकावे लागायचे. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले आणि दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की बाटल्या पुरणार नाहीत, शीर धरणारे हातही पुरणार नाहीत. कोलकात्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी पुड्या बांधायला घेतल्या. एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. बनगावला ते पाण्यात कालवून तोटीच्या पिंपात भरलं. आणि पाजणार कोण? रोग्याची आई, भाऊ, बायको. पेला घ्या, पिंपातून भरा, पाजत राहा. शिरेतलं सलाईन अगदी गळाठलेल्यांसाठी राखून ठेवलं. छावण्यांत पटकीच्या शंभर रोग्यांतले वीस-तीस मरत होते, ते प्रमाण त्यांच्याकडे चारांच्या आत आलं.

आतड्यात मीठ एकटं नीट शोषलं जात नाही, ग्लुकोजचा हात धरून आत जातं आणि पाणी मागोमाग येतं. हे 1960 च्या दशकात प्रयोगशाळेत कळलेलं होतं. पण ते ज्ञान आईच्या हातात द्यायची हिंमत फार थोड्यांची होती. पुष्कळ तज्ज्ञांनी नाकं मुरडली. महालनबीस 2022 मध्ये गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जिवंतपणी त्यांचं नाव आपल्या किती शाळांत घेतलं गेलं?

इथे मला रागावून बोलू द्या. आजही माझ्या दवाखान्यात चालत आलेला, पाणी पिऊ शकणारा माणूस म्हणतो, "डॉक्टर, एक सलाईन लावाच." नाही म्हटलं की तो समोरच्या गल्लीत जातो, तिथे लागतं, आणि गावात नाव त्या दवाखान्याचं होतं. बाटली टांगलेली दिसली की उपचार झाल्यासारखा वाटतो. ही सवय आम्ही डॉक्टरांनी लावली आहे, लोकांना दोष देऊ नका. याच सवयीने संकटात जीव जातो, कारण छावणीत बाटल्या संपतात आणि साखर-मीठ-पाणी पाजायचं कोणाला सुचत नाही.

किल्लारीला मी इंटर्न होतो. भूकंपानंतर पाऊस कोसळत होता. पत्र्याच्या शेडात औषधांची खोकी छताला टेकलेली, त्यांत खोकल्याची औषधं, टॉनिकं, मुदत संपलेल्या गोळ्या. आम्हाला हवी होती झाकणाची बादली आणि क्लोरीन. ती मिळायला चार दिवस गेले.

2017 च्या डिसेंबरात मी बांगलादेशात कॉक्स बाजारला होतो. 25 ऑगस्टनंतर म्यानमारमधून साडेसहा लाखांच्या आसपास रोहिंग्या तिथे आले होते. उघड्याबोडक्या मातीच्या टेकड्या, त्यांवर बांबू आणि ताडपत्री, आणि संडासाला लागून उथळ हातपंप. एका तंबूत सहा वर्षांचा मुलगा आणला. मान बैलासारखी सुजलेली, आवाज बसलेला. मी चमच्याने जीभ दाबली. घशात करडा पापुद्रा, कडेला जरा खरवडला तर रक्त. शेजारची परदेशी तरुण डॉक्टर म्हणाली, हे मी फक्त चित्रात पाहिलंय. मी अंबाजोगाईच्या वॉर्डात पाहिलं होतं. घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया. त्याच्यावर लागणारं प्रतिविषाचं औषध जगभरातच अपुरं होतं, प्रत्येक मात्रा हिशेबाने द्यावी लागायची. त्या मुलाला मिळाली. या लेकरांना लहानपणी घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची त्रिगुणी लस मिळालीच नव्हती. लढाई सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी त्यांचा दवाखाना बंद पडलेला असतो, त्याचा हा पुरावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. आठ मिनिटं. म्हणजे जे सांगायला बोलावलं होतं, ते आता भराभर सांगतो.

पहिलं पाणी. माणशी दिवसाला 15 लिटर, पिणं-धुणं-स्वयंपाक धरून. वीस माणसांमागे एक संडास, बायकांचे वेगळे, कडी आतून, उजेड असलेला. कडी नसली तर बायका रात्री जात नाहीत, आणि मग दिवसभर पाणीच कमी पितात. दुसरं गोवर. रोगी सापडायची वाट न बघता सहा महिने ते 15 वर्षांच्या सगळ्यांना लस, लहानांना सोबत अ जीवनसत्त्व. दाटीवाटीत गोवर वणव्यासारखा पसरतो आणि कुपोषित लेकरू त्यातून उठत नाही.

तिसरं, कुपोषण मोजायची ही पट्टी. मागच्या रांगेपर्यंत फिरवा, पण परत पाहिजे. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाभोवती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं तर लाल, त्याच दिवशी उपचार. ताईंनो, तुमच्या अंगणवाडीत ती आहेच, म्हणजे छावणीतलं निम्मं काम तुम्हाला आधीच येतं.

चौथं, बाळंतपण. दहा दिवसांत बाया बाळंत होणारच, म्हणून स्वच्छ पातं, धागा, साबण, प्लास्टिकचा कागद आणि रात्री गाडी. पाचवं, इन्सुलिन आणि बीपीच्या गोळ्या. याला कोणी तातडीचं म्हणत नाही, पण घर सोडताना गोळ्यांचा डबा फळीवर राहतो. जखमी येतीलच, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पथक हवं, पण ते पाण्यानंतर.

आणि एक वही. रोजचे मृत्यू मोजायचे. स्मशानात, कब्रस्तानात माणूस बसवायचा, कारण लोक रेशन बंद होईल म्हणून मरण लपवतात. दहा हजारांत दिवसाला एकाहून जास्त गेले की समजायचं, हात अपुरे पडताहेत, मदत मागवा.

घंटा झाली. घरी करायचं असेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाच्या चमच्याने साखरेचे सहा सपाट चमचे, मिठाचा अर्धा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. उद्या सकाळी दहा वाजता शाळेत आशाताईंसाठी प्रात्यक्षिक आहे, बाकीच्यांनीही यावं. एक लिटरची बाटली आणि घरातला रोजचा चमचा घेऊन या. चमचे घरोघर वेगळे असतात, आधी तेच मोजून बघू.