दोन खोल्यांचं घर

ब्रुकलिन, सकाळचे साडेनऊ. येशिवाच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथ शिकण्याच्या पाठशाळेच्या, या दालनात शिरलं की आधी कान दडपतात. येशिवात अभ्यास मोठ्यानं होतो आणि जोडीनं होतो. समोरच्या सोबत्याला खवरूसा म्हणतात. आपण मांडलेल्या प्रत्येक अर्थात खोट काढायची, हे त्याचं काम.

पानाकडे नीट पाहा. मधोमध तालमूद, म्हणजे यहुदी धर्मनियमांवरच्या चर्चांचा ग्रंथ. आतल्या कडेला अकराव्या शतकातला भाष्यकार राशी. बाहेरच्या कडेला त्याच्या नातवांनी आणि त्यांच्या शिष्यांनी काढलेल्या शंका. बोट मधून कडेला जातं, परत येतं. एका ओळीत अख्खी सकाळ जाते.

हे बोट आपल्या गोष्टीतल्या तरुणाचं. लग्नानंतरही पाच वर्षं तो कोलेलमध्ये, म्हणजे विवाहितांच्या अभ्यासमंडळात, तुटपुंज्या विद्यावेतनावर शिकत राहिला. मग घरभाडं, मुलांची फी, आणि हिशेबनिसाची नोकरी.

खरी अडचण पुढेच होती. येशिवात मोठेपणाची फूटपट्टी सगळ्यांना एकच: अभ्यास. बाहेर पडणाऱ्याला वाटतं, आपण पायरी उतरलो.

याच ब्रुकलिनमधल्या रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, यित्झाक हुटनर यांना त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं हेच कळवलं होतं: नोकरीमुळे दुहेरी आयुष्य जगतोय. हुटनरांचं उत्तर असं, की घर असून हॉटेलात खोली घेतो त्याचं आयुष्य दुहेरी. ज्याच्या घरालाच दोन खोल्या, त्याचं ऐसपैस. सोबत जेरुसलेमच्या डॉक्टर वॉलाख यांची गोष्ट. शस्त्रक्रियेआधी ते रुग्णाला आईचं नाव विचारायचे, कारण त्याच्यासाठी प्रार्थना करताना ते नाव लागतं.

आपल्या कोकणातल्या यहुद्यांना, बेने इस्राएलांना, 'शनिवार तेली' म्हणायचे: तेल गाळणारे, पण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीला, काम बंद ठेवणारे. घाणा आणि शब्बाथ एकाच नावात! त्यांना हा पेच पडला नसावा.

क्यू मार्गाची मेट्रो, मॅनहॅटनच्या दिशेनं. तरुणाच्या मांडीवर तालमूदचं आजचं पान. रोज एक, अशी २,७११ पानं, जवळपास साडेसात वर्षं. १९२३ पासून जगभर ही फेरी चालू आहे.

(पुलावरून जाणारी गाडी. निवेदन नाही.)

ऑफिस. समोर एक म्हातारा दुकानदार, हातात कराची नोटीस. आपला तरुण ती मोठ्यानं वाचतो, ओळ न ओळ. साहेबांना हा वेळकाढूपणा वाटतो. दुकानदार मध्येच अडवतो, "थांब, हा आकडा आला कुठून?"

तरुण हसतो. बोट समासाकडे जातं.