किल्ली फिरते, पण गाडी सेल्फ घेत नाही

(दृश्य: डॅशबोर्डचा क्लोज-अप. एक हात किल्ली फिरवतो.)

गाडी चालू झाली नाही की आपण लगेच पुन्हा सेल्फ मारतो. मग आणखी एकदा, जरा जास्त वेळ. असं करू नका. स्टार्टर मोटर दर वेळी बॅटरीतून शंभराहून जास्त अँपिअर ओढते, आणि त्यात उरलीसुरली बॅटरीही उतरते. एकदाच किल्ली फिरवा आणि नीट ऐका.

किल्ली मुळात फिरतच नसेल, तर बहुतेक वेळा स्टिअरिंग लॉक ताणाखाली अडकलेलं असतं. चाक वळलेलं ठेवून गाडी उभी केली की असं होतं. एका हातानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हातानं किल्ली अलगद फिरवा. जोर लावलात तर किल्ली आतच मोडेल.

(ध्वनी: टक-टक-टक-टक.)

हा आवाज लक्षात ठेवा. स्टार्टरवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चुंबकानं आत खेचला जातो आणि मोटरला वीज जोडतो. मोटरनं भार घेताच कमजोर बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, चुंबक सुटतो. भार गेला की व्होल्टेज सावरतो, पुन्हा खेचाखेच. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजा.

तरीही लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका. आधी बॉनेट उघडा.

(दृश्य: बॅटरीचं टर्मिनल. त्यावर पांढरट-हिरवी भुकटी.)

गाडी बंद ठेवून हा क्लॅम्प हातानं हलवून पाहा. तो हलतोय, म्हणजे सैल आहे. दिव्यांपुरती वीज अशा जोडातूनही जाते, स्टार्टरला लागणारी जात नाही. म्हणूनच दिवे लख्ख आणि इंजिन गप्प, असं कोडं पडतं. क्लॅम्प काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. घासून साफ करा, घट्ट आवळा. कित्येक गाड्या एवढ्यावरच चालू होतात.

एकच जाड ‘टक्’ आला आणि दिवे मंदावले नाहीत, तर संशय सोलेनॉइडवर किंवा मोटरवर. काहीच आवाज नाही? ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून गिअर ‘एन’वर घ्या आणि पुन्हा बघा, ‘पी’वरचा सेफ्टी स्विच कधीकधी दगा देतो. काही मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही.

(दृश्य: इंजिन फिरतंय, पेट घेत नाही. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय.)

आता बॅटरीला दोष देऊ नका, ती तर इंजिन फिरवतेय. पेट्रोल आहे ना, तेवढं बघून घ्या आणि मग या चिन्हाकडे वळा. हा इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप. किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, तिला स्वतःची बॅटरी नसते. कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला कोड सांगते. तो जुळला नाही, तर संगणक इंधन किंवा ठिणगी रोखून धरतो. काही गाड्यांत सेल्फही लागू देत नाही. नुसती पात कापून केलेली डुप्लिकेट किल्ली दार उघडते, कुलूप फिरवते, पण गाडी चालू करत नाही, त्याचं कारण हेच. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती बाजूला काढा. मग मूळ दुसरी किल्ली वापरून बघा. तिनं गाडी चालू झाली, तर दोष पहिल्या किल्लीत.

बटणवाल्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर अनेक मॉडेलमध्ये रिमोट बटणाला टेकवून ते दाबलं की काम होतं. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

(दृश्य: दोन गाड्या, जंपर केबल.)

केबल लावताना क्रम चुकवू नका. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. ठिणगी त्याच्याजवळ पडता कामा नये.

गाडी चालू झाली की बॅटरीवर मीटर लावा. साधारण १४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा जनरेटर, बॅटरी चार्ज करतोय. साडेबाराच्या खालीच अडकला असेल, तर गाडी लांब नेऊ नका, वाटेत बंद पडेल.