पोटापाण्याचं संगीत आणि आर्वो पॅर्ट

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट म्हटलं की दाढीवाला, ऋषितुल्य माणूस डोळ्यांसमोर येतो. १९६८मध्ये एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनला त्यांचं ‘क्रेडो’ वाजलं. सोव्हिएत राजवटीत येशूवरच्या श्रद्धेची उघड कबुली देणारी ही रचना, त्यामुळे गहजब उडाला. मग म्हणे आठ वर्षं मौन, आणि १९७६मध्ये एकदम नवी शैली. गोष्ट रंगतदार आहे, मला मात्र ती अर्धीच वाटते. या वर्षांत घर कशावर चाललं? बऱ्याच अंशी सिनेमावर! शिवाय १९७१मध्ये तिसरी सिम्फनीही आलीच की.

तसं हे काम त्यांना नवं नव्हतं. १९५८ ते ६७ ते एस्टोनियन रेडिओवर ध्वनितंत्रज्ञ होते. त्याआधीपासून मुलांच्या नाटकांसाठी लिहीत होते. त्यातल्या पियानोच्या चार छोट्या नाचांत बूट घातलेलं मांजर आहे, लांडगा आहे, बदकाची पिल्लंही आहेत. १९६२मध्ये एका छोट्या स्कूटरवरच्या बाहुलीपटाला त्यांचंच संगीत होतं.

आता ‘उकुआरू’ घ्या. १९७३चा लेइदा लाइउस यांचा चित्रपट. जंगलातल्या एका घरी संसार थाटणारी मिन्ना आणि तिचा नवरा आक्सेल. आक्सेल अकॉर्डियन वाजवतो, म्हणून पॅर्टनी एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा नाच, लिहिला. अगदी साधा, एकदा ऐकला की गुणगुणावा असा. पडद्यावरचा माणूस खरंच वाजवू शकेल एवढाच तो असायला हवा. तिथे विद्वत्ता दाखवून चालत नाही. एस्टोनियात तो आजही वाजतो, पियानोवरसुद्धा.

तीन वर्षांनी, त्या नव्या शैलीतली पियानोची रचना ‘फ्यूर अलीना’ आली. दोन आवाज. एक पायरी-पायरीने चालतो, दुसरा फक्त त्रिस्वरातले, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या तीन सुरांतलेच, सूर घेतो. आपल्याला लगेच तंबोरा आठवतो. पण तंबोऱ्याचे सूर ठरलेले. इथे दुसरा आवाज पहिल्याच्या मागोमाग आपली जागा बदलत राहतो. ही शैली त्यांनी ग्रेगोरियन गायन (चर्चमधलं जुनं एकस्वरी गायन) आणि जुनं बहुस्वरी संगीत अभ्यासून घडवली, हे खरंच. तरी कमी सुरांत भागवायची सवय सिनेमाने लावली नसेल, असं मला म्हणवत नाही. पुरावा मागाल तर नाही. हा माझा कानाचा अंदाज.

१९७९मध्ये पोलिश-सोव्हिएत ‘पायलट पिर्क्स’ या विज्ञानपटालाही त्यांचं संगीत होतं, म्हणजे ‘ताबुला रासा’ ही नव्या शैलीतली मोठी रचना लिहून झाल्यावरही हे काम चालूच होतं. १९८०च्या जानेवारीत कुटुंबासह देश सोडला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. पुढे चक्र उलटं फिरलं. अमेरिकी दिग्दर्शक गस व्हॅन सँटनी ‘जेरी’ या चित्रपटासाठी त्यांचं ‘श्पीगेल इम श्पीगेल’ घेतलं, पॉल थॉमस अँडरसननी ‘देअर विल बी ब्लड’मध्ये ‘फ्रात्रेस’ वापरलं. दोन्ही रचना १९७०च्या दशकातल्या, मैफलीसाठी लिहिलेल्या.